काचेची डावी बाजू

घारसरांच्या नजरेतून काही सुटलं, असं त्या इस्पितळात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच डोळे तपासायला पाठवलं असतं. एक्स-रे वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घार हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. बाकीचे डॉक्टर फिल्म उजेडाच्या काचेवर लावून, चष्मा पुसून, मान वाकडी करून बघत बसायचे, आणि हे दारातून आत येता येता सांगायचे, सहावी बरगडी बघा, चीर आहे. बढाई मारायची हौसही दांडगी. नव्या डॉक्टरांना उलटी फिल्म लावून दाखवायची आणि ते गोंधळले की खो खो हसायचं, हा त्यांचा आवडता खेळ. तसे छळवादीच, पण हुशार माणसाचा छळवाद लोक कौतुकाने सांगत फिरतात. ते गेल्यावर शिकवण्याच्या खोलीला त्यांचं नाव देण्यात आलं.

त्यांची बायको त्याच खात्यात, त्याच कामावर. तिला सगळे नुसतं बाई म्हणत. बाई त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. खात्याचा नियम असा की प्रत्येक फिल्म दोघांनी वाचायची. पहिल्याने रिपोर्ट हाताने लिहून सही करायची. दुसऱ्याने तो रिपोर्ट न बघता फिल्म पुन्हा काचेवर लावायची, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची आणि मगच खाली दुसरी सही. नियम खुद्द घारसरांनीच केलेला. दोन्ही वाचक नवरा-बायकोच, तेव्हा घरचंच काम, अशी चेष्टा व्हायची. आणि घरच्या कामाचं जे होतं तेच झालं. पहिली काही वर्षं बाईंनी प्रत्येक फिल्म लावली. मग सोप्या तेवढ्या सोडल्या. मग सरांनी खूण केलेल्या तेवढ्याच लावू लागल्या. शेवटी शेवटी दुपारी जेवण झालं की रिपोर्टांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा आणि चहा निवायच्या आत सह्या ठोकून मोकळं व्हायचं. फिल्म पाकिटातून बाहेरसुद्धा यायची नाही. इतक्या वर्षांत एकदाही काही बिघडलं नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

सर जाऊन वर्ष होत आलं आणि नोटीस आली.

एक शिंपी होता, शेहेचाळीस वर्षांचा. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रिवाजाप्रमाणे त्याच्या छातीचा फोटो काढला होता. रिपोर्टात लिहिलं होतं, छाती स्वच्छ. वर सरांची सही, खाली बाईंची. ऑपरेशन झालं, माणूस हसत घरी गेला. आठ महिन्यांनी त्याच्या थुंकीत रक्त आलं. तोवर फुप्फुसातला आजार मणक्यात उतरला होता, आणि पुढच्या सहा आठवड्यांत खेळ आटोपला. दुसरीकडच्या एका डॉक्टरने जुनी फिल्म उजेडात धरली आणि त्याच्या बायकोला विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" दाव्याची सुरुवात त्या प्रश्नाने झाली.

इस्पितळाचा वकील वाचनाच्या खोलीत आला तेव्हा बाईंनी फिल्म काचेवर लावूनच ठेवली होती. ती खोली भर दुपारीही अंधारी असते. खिडकीला काळा पडदा, आणि उजेड काय तो काचेचा. वकील चाळिशीतला, नीटनेटका, आणि प्रत्येक वाक्य 'आपण'ने सुरू करायची त्याला खोड होती.

"आपण एवढंच म्हणायचं, मॅडम. डाग चुकतात. मोठमोठ्यांचे चुकतात. एक चूक म्हणजे हलगर्जीपणा होत नाही. आपले दोन तज्ज्ञ सांगतील, डाग लहान होता, बरगडीच्या मागे दडला होता."

बाईंनी काचेकडे बोट केलं. उजव्या फुप्फुसात, अगदी मोकळ्या जागी, शर्टाच्या बटणाएवढा पांढरा गोल डाग होता.

"हा दडलेला नाही," त्या म्हणाल्या. "हा चुकूच शकत नाही."

"आपण हे वाक्य बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही," वकील म्हणाला आणि फाइल बंद करून उठला.

बाई तिथंच बसून राहिल्या. हा डाग आणि सरांना दिसला नाही? पहिल्या वर्षाच्या पोराला दिसला असता. त्यांची खात्रीच झाली की फिल्म बदललेली आहे, पाकिटांची अदलाबदल झाली आहे, दुसऱ्या कुणाचं तरी पाप सरांच्या माथी मारलं जातंय. मेलेल्या माणसाला काय, तो थोडाच उठून उत्तर देणार आहे! बाईंचं डोकं तापलं. सरांनी त्या आठवड्यात वाचलेली सगळी पाकिटं त्यांनी रेकॉर्ड रूममधून मागवून घेतली. एकेक फिल्म लावून, सरांची नजर त्या दिवसांतही कशी होती ते त्या साऱ्या जगाला दाखवून देणार होत्या.

पहिला तास मजेत गेला. एका फिल्ममध्ये केसासारखी बारीक चीर, सरांनी बरोबर पकडलेली. दुसरीत हृदयाच्या कडेला किंचित पाणी, तेही पकडलेलं. "बघा," बाई रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या. मग एक फिल्म लावली आणि त्यात डाग दिसला. रिपोर्टात छाती स्वच्छ. त्यांनी ती बाजूला ठेवली. दहा-बारा फिल्म्सनंतर आणखी एक. तिचा रिपोर्ट, छाती स्वच्छ. बाईंनी त्या दोन आणि शिंप्याची, अशा तिन्ही शेजारी शेजारी लावल्या आणि खुर्ची मागे सारून बघितलं.

छातीचा फोटो लावताना माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा लावतात. त्यामुळे त्याचं उजवं फुप्फुस बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. तिन्ही डाग काचेच्या डाव्या बाजूला होते. सरांनी पकडलेलं झाडून सगळं उजव्या बाजूला होतं.

मग त्यांनी सरांच्या शेवटच्या वर्षाचे रिपोर्ट खात्याच्या कपाटातून काढून महिन्यांच्या क्रमाने मांडले. सरांचं अक्षर ठसठशीत, पण कागदाच्या डावीकडची कोरी जागा महिन्या-महिन्याला वाढत गेली होती. आधी बोटभर, मग दोन बोटं, आणि शेवटच्या महिन्यात तर ओळी अर्ध्या कागदावरून सुरू होत होत्या. डावा अर्धा कागद कोरा, आणि त्या कोऱ्या जागेत, खाली कोपऱ्यात, एकच गोष्ट होती. बाईंची सही.

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ झाली की कधी कधी माणसाचं डावीकडचं जगच नाहीसं होतं. डोळे शाबूत असतात, पण लक्ष तिकडे वळतच नाही, आणि वळत नाही हे त्याला स्वतःलाही कळत नाही. हे सगळं बाईंना तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यांनी ते विद्यार्थ्यांना विचारलं होतं.

सरांच्या डोक्यात ती गाठ होती, हे काही गुपित नव्हतं. ती कळली ते सर जिन्यावरून पडल्यावर, आणि त्यानंतर सातव्या आठवड्यात सर गेले. पण त्याआधी किती दिवस ती तिथं बसून होती, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. बाईंनीही नाही. पडायच्या आधी आठ महिने सर डावा गाल अर्धवट दाढीचा ठेवून कामावर जायचे आणि बाई म्हणायच्या, वय झालं तुमचं, आरसा बदला. डाव्या खांद्याने दाराची चौकट रोज धडकायची. बाई म्हणायच्या, पाय उचलून चाला हो जरा. आणि ताट! सर ताटातलं उजवीकडचं तेवढं संपवून हात धुवायला उठायचे. दोन-चार दिवस बाई रागावल्या. मग एकदा त्यांनी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. सरांनी उरलेलं सगळं गोड मानून खाल्लं. त्या दिवसापासून रोज, सकाळ-संध्याकाळ, बाई मध्येच हात पुढे करून ताट फिरवायच्या. आठ महिने फिरवलं. मनाला कळायच्या आत ते त्यांच्या हातांना कळलं होतं, आणि हातांनी गपचूप सांभाळून घेतलं. घरातलं माणूस सांभाळून घेण्याची ही चांगली खोड त्यांना फार महागात पडली, आणि त्याहून महाग ती ज्यांना पडली त्यांचे फोटो समोर काचेवर होते.

त्यातली एक आठवण मात्र बाईंना सहन होईना. सर पडले त्या दिवशी त्यांच्या मेंदूचा स्कॅन झाला. स्कॅनही तसाच लावतात, उजवी बाजू बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. बाईंनी तो याच काचेवर लावला. लिंबाएवढी गाठ होती. सरांनी खुर्चीतून शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे की. उगाच घाबरलीस." खोलीतले सगळे रडायला लागले. काय तो धीर, काय ती थट्टा, मरण समोर दिसत असताना माणूस हसतो! वर्षभर सगळीकडे ही गोष्ट सांगितली गेली, आणि बाईंनीच ती सगळ्यात जास्त वेळा सांगितली. आता कळलं की थट्टाबिट्टा काही नव्हती. त्यांना दिसत होतं तेच ते वाचत होते.

त्या दिवसापासून बाईंना सर दिसायला लागले असं म्हणता येणार नाही, पण ते असायचे. नेहमी डाव्या बाजूला. वाचनाच्या खोलीत, रस्त्याने चालताना, घरी ओट्यापाशी, डाव्या खांद्याशी कुणीतरी उभं आहे आणि वाट बघतंय. बाई झटकन वळायच्या. तिथं कधी दरवाजा असायचा, कधी भिंत. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि आता या वयात ठेवायची इच्छाही नव्हती. पण रात्री झोपताना त्या डाव्या कुशीवर वळेनाशा झाल्या, हे खरं.

त्यांनी उरलेल्या महिन्यांची पाकिटं मागवली. रोजचं काम संपवून त्या फिल्म लावत बसायच्या. तीन महिन्यांच्या फिल्म्स वाचून झाल्या तेव्हा कागदावर अकरा नावं होती. सगळीच काही जीवघेणी नसतील, हे त्यांना ठाऊक होतं. काही डाग जुन्या, भरून आलेल्या आजाराचे असतील. पण कुठला कुठला, हे माणूस समोर आल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि ही अकरा माणसं आपल्या कपाटात छाती स्वच्छ असा कागद ठेवून निर्धास्त फिरत होती.

बाईंनी वकिलाला बोलावून सगळं सांगितलं. त्याने नावांचा कागद दोनदा वाचला.

"आपण एक लक्षात घ्या," तो अखेर म्हणाला. "सर आजारी होते म्हटलं की सर सुटले. आजारी माणसाला कोण दोष देणार? पण मग दुसरी सही उरते. त्यांच्या घरात राहणारी, स्वतः डॉक्टर असलेली बायको. सापडाल त्या तुम्ही."

"ते मला कळतं. पण या लोकांना आधी बोलवायला हवं."

"तीन महिन्यांनी निकाल लागेल. तोवर एकाही पाकिटाला हात लावू नका, एकालाही फोन करू नका. आपण आज त्यांना बोलावलं तर उद्या अकरा दावे उभे राहतील."

"तीन महिन्यांत डाग थांबून राहत नाही हो."

"वर्षभर थांबलेत, मॅडम," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच खाली मान घातली. माणूस वाईट नव्हता, त्याची नोकरी वाईट होती.

घरी लेक येऊन बसली होती. तिला आईने फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि ती शाळेत शिकवून तशीच आली होती, बोटांना खडू लागलेला.

"आई, तीनच महिने. वकील सांगतोय ना? तुझं नाव, तुझं काम, सगळं जाईल. लोक म्हणतील नवरा अर्धा आंधळा झाला आणि या बाईला पत्ता नाही."

"खरं तेच म्हणतील."

"बाबा असते तर गप्प बस म्हणाले असते."

"बाबांना काय म्हणायचं ते म्हणू देत," बाई फटकन म्हणाल्या. "मीच गप्प बसले, म्हणून तर हे झालं." लेक रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं, पण फोन मात्र केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. खरं सांगायचं तर त्या भ्यायल्या होत्या. नावांचा कागद पर्समध्ये घेऊन रोज कामावर जायच्या आणि रोज तसाच परत आणायच्या. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी शिंप्याची बायको आली. फिल्म डोळ्यांनी बघायची परवानगी तिने कोर्टातून आणली होती. वकील सोबत होताच. दारातच बाईंच्या कानाशी लागून तो कुजबुजला, "आपण फक्त फिल्म लावायची. एक शब्द बोलायचा नाही."

शिंप्याची बायको लहानखुरी होती, पिशवी छातीशी धरलेली. तिने इकडेतिकडे बघितलं नाही. "कुठं होतं तेवढं दाखवा," ती म्हणाली.

बाईंनी फिल्म लावली आणि दिवा पेटवला. बोट दाखवायची वेळच आली नाही. शिंप्याची बायको दोन पावलं पुढे गेली आणि काचेला नाक लागेल इतकी वाकली.

"हे?" ती म्हणाली. "एवढं मोठं? मला वाटलं टाचणीच्या टोकाएवढं असेल. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला दिसतंय की हो!"

ती सरळ झाली आणि बाईंकडे वळली.

"मग त्यांना कसं दिसलं नाही?"

वकिलाने घसा खाकरला. बाईंना डाव्या खांद्याशी तेच वाट बघणं जाणवलं. या वेळी त्या वळल्या नाहीत.

"त्यांच्या डोक्यात गाठ होती," त्या म्हणाल्या. "डावीकडचं काही त्यांना कळत नव्हतं. आणि मी फिल्म लावलीच नाही. न बघता सही केली. ते आजारी आहेत हे मला घरात रोज दिसत होतं, तेही मी बघितलं नाही."

"मॅडम!" वकील ओरडला. "आपण काय बोलताय कळतंय का?"

"तुम्ही जरा बसा, साहेब," शिंप्याची बायको म्हणाली. वकील खरंच बसला. ती बाईंकडे एकटक बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग यायला निघाला होता, पण मधेच कुठंतरी थांबला.

"डावीकडचं काहीच कळत नव्हतं म्हणता," ती सावकाश म्हणाली. "मग आमच्यासारखं आणखी कुणी असेल."

"अकरा सापडलेत. अजून पाच महिन्यांच्या फिल्म्स वाचायच्या आहेत."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"कधीपासून माहीत आहे?"

"यादी होऊन नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस," ती म्हणाली. तिने पिशवी खाली ठेवली. "शेवटी शेवटी आमच्या ह्यांचं एका दिवसात एवढं बिघडायचं, की सकाळी बसलेला माणूस संध्याकाळी उठायचा नाही. आणि तुम्ही नऊ दिवस बसून काढलेत. मला तुम्हाला माफबिफ करायचं नाही, आधीच सांगते. माझा दावा आहे तिथंच आहे. पण आधी फोन करा. आत्ता, माझ्यासमोर. मी इथंच बसते."

तिने स्टूल ओढून घेतलं आणि बसली. बाईंनी पर्समधून कागद काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी लागला. खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. एक पुरुष, खणखणीत आवाजाचा, मागे करवतीचा आवाज चाललेला.

"इस्पितळातून? अहो, माझं कधीच झालंय तपासून. काही नाही निघालं. कागद आहे माझ्याकडे."

"तो कागद चुकीचा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही फोटो काढायला पुन्हा या. आज."

"आज कसं येणार? सुतारकाम चाललंय, माणसं लावलीत. पुढच्या आठवड्यात बघतो. आणि मला काही होत नाहीये हो, दोन माणसांचं काम ओढतो मी. काय, आहे काय एवढं?"

बाईंनी तोंड उघडलं. इतकी वर्षं त्यांनी डाग, चिरा, सावल्या लिहून काढल्या होत्या, पण समोरच्या माणसाला त्या कधी सांगितल्या नव्हत्या. ते काम दुसऱ्या डॉक्टरांचं असायचं. त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

शिंप्याची बायको उठली. तिने बाईंच्या हातातून फोन काढून घेतला.

"दादा, मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याकडेही असाच कागद होता, आणि त्यालाही काही होत नव्हतं. ती करवत बंद करा, चपला घाला आणि निघा."

पलीकडचा आवाज थांबला. थोड्या वेळाने करवतीचाही थांबला. "येतो," तो माणूस म्हणाला.

तिने फोन बाईंच्या हातात परत दिला आणि स्टुलावर जाऊन बसली. "लावा पुढचा," ती म्हणाली.